हात काढण्याआधी

माझ्या धाकट्या बहिणीसारखा रेडिओ आख्ख्या गावात कुणाला बांधता येत नव्हता. भाऊ आहे म्हणून फुशारकी मारत नाही. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, स्पॅनर कसा धरला यावरून मी माणूस ओळखतो. शाळा सातवीत सोडली, पण हात ओळखण्यात मला कुणी फसवलेलं नाही.

ती परकरी पोर असल्यापासून पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळत बसायची. एरियलला दुसरं काही मिळेना म्हणून तिने वडिलांच्या लोखंडी पलंगाला तार जोडली. वडील टेकायला गेले की ही ओरडायची, "बाबा, बसू नका, बातम्या चालू आहेत!" बिचारे उभ्याने विडी ओढायचे.

नवराही तिला तसलाच मिळाला. जावईबापू तारखात्यात होते, बोलायला कमी आणि बोटांनी हुशार. दोघांनी मिळून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने एक तक्ता लिहिला होता. नळी किती रुंद, तार कितव्या नंबरची, वेढे किती घातले की कुठलं स्टेशन लागतं, सगळं त्यात होतं. गावातले हौशी लोक यायचे, कपाट उघडून घडीच्या कपड्यांसमोर उभे राहायचे आणि तक्ता उतरवून न्यायचे. माझाही सेट त्या तक्त्यावरूनच बांधलेला. वेढे मी घातले, एकदाही तार तुटू दिली नाही.

मग जावईबापू तापाने गेले. आठवडाभराचा ताप, आणि माणूस नाही.

धाकटी रडली नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला कानांना हेडफोन लावून बसायची, एवढंच. एके दिवशी मी दुकान बंद करून तिच्याकडे गेलो, तर ती भिंतीसारखी पांढरी. तिने हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला.

आत शिट्टी वाजत होती. बारीक आवाज वर वर चढत गेला, थरथरला, मग दोनदा थोडासा खाली आला, जणू कुणी बोटाने हलकेच टकटक केलं. मग गप्प.

"ऐकलंस, दादा?"

"ऐकलं. सेटात बिघाड असेल."

"माझ्या सेटात?" तिने डोळे वटारले. "हा त्यांचा हात आहे."

इथे थोडं समजावून सांगतो, कारण मला ते चांगलं कळतं. या जुन्या सेटांत आवाज मोठा करायला एक बटण असतं. व्हॉल्व्हमधून, म्हणजे सेटातल्या काचेच्या दिव्यातून, निघालेला जोर त्याने परत आत पाठवायचा. बेताने पाठवला तर लांबचं स्टेशन जवळ येतं. जास्त झाला तर सेट स्वतःच ओरडायला लागतो, आणि ते ओरडणं त्याच्या एरियलवरून बाहेर पडून आसपासच्या सगळ्यांच्या कानात शिट्टी होऊन शिरतं. त्यात आणखी गंमत म्हणजे बटणाजवळ माणसाचा हात असला तरी सेटाला तो जाणवतो. हात काढला की लावलेलं स्टेशन सरकतं. म्हणून जावईबापू हात काढण्याआधी बटण दोनदा हलकेच मागे घ्यायचे. तसं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

शिट्टी रोज यायला लागली. तीच वेळ, तसंच चढणं, तसंच दोनदा मागे येणं. माझ्या दुकानातल्या सेटावरही यायची. हातातला पाना खाली ठेवून मी दाराकडे बघायचो. मी भित्रा नाही, पण बघायचो.

शेवटी रेडिओवाले शेजारी तिच्या दारात आले. पुढे कंपाउंडर, मागे शिंपी.

"ताई, बातम्यांच्या वेळेला तुमच्या घरातून शिट्टी येते," कंपाउंडर म्हणाला.

"माझा सेट आजवर कधी ओरडलाय?"

"मग काय भूत वाजवतंय?" शिंपी बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

मी बाह्या सरसावल्या. "तुझ्या शिलाई मशीनला तेल घाल आधी, तिच्या खडखडाटात तुला शिट्टी ऐकू येते हेच नवल!"

"दादा, थांब," धाकटी म्हणाली. "कुठून येते ते मी शोधते. शोधली की बंद करते."

शब्द तिनेच दिला. तो देताना तिचा आवाज कसा झाला होता, ते फक्त मला कळलं.

शोधायला लाकडी चौकट लागते. तिच्यावर तार गुंडाळायची, सेटाला जोडायची आणि चौकट हळूहळू फिरवायची. एका जागी शिट्टी अगदी मिटते. तेव्हा चौकटीचं तोंड जिकडे असेल, त्या रेषेवर कुठेतरी तो सेट असतो. चौकट मी केली. खाली सायकलच्या चाकाचा हब बसवला, बेअरिंगसकट. फुंकर मारली तरी फिरायची! असलं काम कुठल्या कारखान्याने करून दाखवावं.

पहिली रेषा तिच्या घरातून मिळाली. दुसरी माझ्या दुकानातून घ्यायची होती. ती मात्र घेऊ देईना. चौकटीवर चादर टाकून बसली.

"उद्या बघू, दादा."

"कालही उद्याच म्हणालीस."

"कुठून येतं ते कळलं, की मग ते नसणार," ती म्हणाली. "आत्ता ते रोज येतात."

पण तिकडे कंपाउंडरने रेडिओ लायसन्सच्या कचेरीत जायची भाषा सुरू केली. तेव्हा तिने स्वतःच चादर ओढून काढली.

शाळेतल्या मास्तरांनी दिलेल्या गावाच्या नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या. त्या बॉयलरच्या कारखान्यामागच्या गल्लीत एकमेकींना भेटल्या. तिथे एका छपरावर वाकडीतिकडी काठी आणि तार दिसली. खाली राहत होते ठोकेकाका. जन्मभर बॉयलरचे रिव्हेट ठोकून त्यांचे कान गेलेले, म्हणून ते नाव.

"या, या!" ते एवढ्यांदा ओरडले की समोरचं कुत्रं उठून गेलं. "साहेबांच्या घरून ना? साहेबांनीच सेट दिला मला! काठी उभी करायला येणार होते, आलेच नाहीत. शेवटी म्हाताऱ्याने स्वतःच केली. कुठे असतात हल्ली?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिने काकांचा हात हातात घेतला आणि नुसती मान हलवली. काकांना कळलं. मग बोलले, पहिल्यांदाच हळू. "मला हात धरून शिकवलं त्यांनी. अशा माणसाला..."

त्यांनी तिचा हात बटणावर ठेवला आणि वर आपला ठेवला. "असं चढवायचं. कापरं जाणवलं की थांबायचं. हात काढण्याआधी दोनदा मागे यायचं." टेबलावरच्या हेडफोनमधून शिट्टी अशी किंचाळली की मी दचकून मागे झालो. काका हसत होते. "बघा, किती शांत चालतो!" बारीक आवाज त्यांना उरलेलेच नव्हते. रोज सगळ्या गावाला हाक जात होती, आणि ती देणाऱ्यालाच ऐकू येत नव्हती.

धाकटीने डोळे मिटले होते. काकांनी वरचा हात काढावा असं तिला वाटत नसावं.

परतताना मी म्हटलं, "राहू दे. कंपाउंडरला मी बघून घेतो."

"काकांना दिलेला सेट त्यांनी अर्धाच केलाय, दादा. पुढे आणखी एक व्हॉल्व्ह हवा, म्हणजे ओरडणं एरियलवर जात नाही. ते करणारच होते." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "मी शब्द दिलाय."

व्हॉल्व्ह तिने आपल्या सेटातला काढला. तो काकांकडे बसवायच्या दिवशी मला म्हणाली, "तू येऊ नकोस. दुकानात बसून ऐक."

दिवे लागायच्या वेळेला मी हेडफोन चढवले. शिट्टी आली. वर चढली, थरथरली, दोनदा मागे आली. आता गप्प होणार असं मला वाटलं. ती गप्प झाली नाही. बारीक, सरळ, न हलता वाजत राहिली. बटणावरून हात काढलाच जात नव्हता. काकांचा हात खाली होता की तिचा, की आणखी कुणाचा, मला विचारू नका. कोपऱ्यातल्या चौकटीकडे नजर गेली तर ती हलकेच फिरत होती. दार मी लावलेलं होतं.

मग तार तोडावी तशी शिट्टी थांबली.

मी दार उघडलं तर समोरच्या खिडकीतून कंपाउंडरने डोकं काढलं. "गेली का हो?"

"गेली," मी म्हटलं.

धाकटी आली तेव्हा उजवा हात मुठीत धरून आली, काहीतरी सांडू नये तसा.

"ऐकलंस, दादा?"

"ऐकलं."

ती चौकटीसमोर जाऊन उभी राहिली. चौकट थांबली होती, तोंड त्याच गल्लीकडे करून. तिने मूठ उघडली आणि चौकटीच्या लाकडावर दोन बोटं हलकेच टेकवली, एकदा आणि पुन्हा एकदा. मगच हात काढला.