नणंद-भावजयेची आकाशगंगा

लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले, तेव्हा नणंदेशी काय बोलावं हे मला सुचायचं नाही. ती औशाच्या शाळेत मराठी शिकवायची. संध्याकाळी एसटीनं परतली की लॅपटॉप घेऊन खोलीत बसायची. मला वाटायचं, पेपर काढत असेल. एकदा चहा द्यायला गेले, तर पडद्यावर अंतराळयानांचा ताफा एका ग्रहाला वेढा घालून उभा. हा खेळ मी कॉलेजात लई खेळले होते. ग्रह घ्यायचे, खाणी काढायच्या, शेजारच्या साम्राज्याशी तह करायचा नाहीतर लढायचं.

"आधी खाणी वाढव, ताफा नंतर," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा करून दिली.

दोघींनी मिळून खेळायचं ठरलं खरं, पण त्यासाठी लागणारा सर्व्हर कंपनीनं कधीच बंद केला होता. मग तिनंच शोधून काढलं, की खेळाच्या चाहत्यांनी एक छोटं सॉफ्टवेअर स्वतः लिहून फुकट ठेवलंय. ते टाकलं की दोन लॅपटॉप केबलनं जोडून, इंटरनेटशिवाय खेळता येतं. मी डाळमिलच्या ऑफिसातून येता येता केबल घेऊन आले.

माझ्याकडं ते सुरळीत चाललं. तिच्याकडं उघडायचं आणि लगेच मिटायचं. नवऱ्यानं काढून परत टाकून पाहिलं आणि नवा लॅपटॉप घ्या म्हणून मोकळा झाला. शेवटी आम्ही ते लिहिणाऱ्यालाच कळवलं. कुठल्या तरी दूरच्या देशातला माणूस. ती सांगत गेली, मी इंग्रजीत टाइप करत गेले. दोन दिवसांनी उत्तर आलं. नणंदेनं लॅपटॉपवर स्वतःचं नाव मराठीत घातलं होतं, म्हणून फोल्डरचं नावही मराठीत होतं. त्याच्या सॉफ्टवेअरला ती अक्षरं वाचताच येत नव्हती. इंग्रजी नावाचं नवं खातं उघडा, असं त्यानं सुचवलं.

"माझं नाव मी कशाला बदलू, वहिनी? त्यालाच दुरुस्त करायला सांगा."

तिचं म्हणणं मी जरा गोड करून लिहिलं. आता तो कशाला उत्तर देतोय, असं मला वाटलं होतं. पण आठवडाभरात नवी आवृत्ती आली आणि तिच्या लॅपटॉपवरही ते चाललं.

त्या रविवारी मी तिच्या पलंगावर मांडी घालून बसले, ती टेबलाशी. तासभर तह टिकला. मग तिनं गुपचूप माझा सगळ्यात श्रीमंत ग्रह घेतला. मी इतक्या मोठ्यानं भांडले, की सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"काय करायलात गं दोघी?"

तुमच्या पोरीनं माझी जागा बळकावली, असं मी सांगितलं. त्यांनी दोन्ही पडदे नीट पाहिले आणि मुलीला म्हणाल्या, "दे तिचं तिला." तिनं दिलं न्हाई.

पुढं त्या माणसानं सॉफ्टवेअरच्या आभारयादीत आमची नावं घालायची का, असं विचारलं. नणंदेनं 'नणंद-भावजय' एवढंच कळवलं. अर्थ विचारणारं त्याचं उत्तर लगेच आलं. आम्ही बराच वेळ डोकं लावलं, पण एकाही इंग्रजी शब्दात ते बसेना. मग तिनं मला लिहायला सांगितलं, "आम्ही एका घरात राहतो आणि एकमेकींचे ग्रह घेतो." त्यानं ते तसंच छापलं.