दोन मजले खाली

अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमधल्या घरातून मी पळून गेले ती दोन मजले खाली. त्याहून लांब जायला भावाची ड्युटी सुटायला हवी होती, आणि एमआयडीसीतली त्याची कंपनी सहाच्या आधी कुणाला सोडत नाही.

नवरा मला एकटीला भाजीलाही पाठवत नसे. मारायचा मात्र बेताने, ब्लाउजच्या बाहेर वळ दिसणार नाही इतपत. व्यवस्थितपणा त्याच्या अंगातच होता. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला तेवढा तो अडवत नसे, कारण शेजारणी विचारतील. त्याने फक्त घरांची यादी मागितली. मी सात घरं लिहून दिली. वर तोच म्हणाला, गळ्यात-हातात सगळं घालून जा, लोकांना दिसलं पाहिजे. मी मुकाट्याने सगळं घातलं.

बेत तळमजल्यावरच्या काकूंचा. काकू विधवा, एकट्या राहतात. पाण्याची बादली उचलताना मी एकदा कळवळले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्याकडे ये. त्या दिवशी माझ्या दारात कुणी फिरकत नाही." माझं आधार कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला एकेक करून त्यांच्या कपाटात गेला.

पाचला मुलीला घेऊन निघाले आणि यादीतल्या एकाही घरी गेले नाही. मोबाइल बंद केला. साडेपाचनंतर नवरा स्वतःच शोधायला निघाला. सातही घरं झाल्यावर तो खाली आला. काकूंच्या बंद दाराआड मी मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. बाहेर वॉचमन विचारत होता, "ग्राउंडवाल्या काकूंकडे बघितलं का, साहेब?"

नवरा हसला. "त्या बाईकडे आज कोण जाईल?"

पावलं गेटकडे गेली. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटली लाज. नऊ वर्षं मी या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू करत होते, आणि आमंत्रणाला काकूंचं दार सोडून बाकी सगळी दारं वाजवत होते.

सव्वासहाला भाऊ मागच्या गल्लीत रिक्षा घेऊन आला. काकू वाकून मुलीच्या चपलेचा पट्टा लावत होत्या. मी म्हटलं, "काकू, मी तुम्हाला एकदाही बोलावलं नाही."

"बरं केलंस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बोलावलं असतंस, तर आज त्याने इथंही बघितलं असतं."