पिशवी बांधलेलीच होती

कोचीहून परत येऊन चार महिने झाले, तरी बडोद्यात आमच्या वासण्याच्या घरात अजून कुठल्या ना कुठल्या खिशातून मीठ निघतं. किश्शांचंही तसंच आहे. चहाला आलेल्या कुणी "तुम्ही बोटीने गेला होतात म्हणे?" असं विचारायचा अवकाश, माझा नवरा शिरीष एक किस्सा सांगतो. मग त्यातल्या चुका दुरुस्त करायला मी दुसरा सांगते. चहा गार होतो.

शिरीषची उभी हयात रिफायनरीत गेली. निवृत्तीनंतर हृदयात स्टेंट बसला, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने एकच हट्ट धरला. मांडव्याहून कोचीपर्यंत शिडाच्या बोटीने, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. डॉक्टर म्हणाले, "जा, पण एकटे नाही." म्हणजे मी आलेच. आणि मला तर पोहता येत नाही! बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी पाहत वाढलेली मी, पाण्यात उतरायची हौस येणार कुठून?

मी अट घातली. बोटीच्या दाराशी माझी पिशवी बांधलेली राहील. ज्या बंदरात मी ती उचलेन, तिथे प्रवास संपला. पिशवीत रेल्वेचं वेळापत्रक, कंगवा आणि एक इस्त्रीची निळी सुती साडी होती. बडोदा स्टेशनवर माणसासारखं उतरता यावं म्हणून.

सोबत आणखी दोन बोटी होत्या. एक जयेशभाई आणि हंसाबेनची. जयेशभाईंचं बडोद्यात छाणीला वर्कशॉप आहे, बोट त्यांनी तिथेच स्वतः बांधली. दुसरी गोव्याच्या कॅप्टन पिंटोंची. ते जन्मभर मालवाहू जहाजांवर होते. रोज संध्याकाळी सहाला कॅप्टन वायरलेसवर हजेरी घ्यायचे.

"बोट?"

"ठीक."

"माणसं?"

"ठीक."

आमच्यासाठी दुसऱ्याच दिवसापासून तिसरा प्रश्न आला. "पिशवी?"

"बांधलेली," मी सांगायचे. सगळे हसायचे. शिरीष हसायचा नाही.

*

रिफायनरी सुटली तरी शिरीषच्या अंगातून गेली नाही. तिथे विस्तवाचं कुठलंही काम करायचं तर आधी लेखी परमिट लागतं. हा नियम त्याने बोटीवर आणला. मी गॅस पेटवण्याआधी तो वास घेणार, बादली बघणार, वहीत लिहिणार, मग सही करणार. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा चहा मागितला, तेव्हा मी ती वही घेतली आणि लिहिलं, "अर्ज नामंजूर. कारण, अर्जदाराने सकाळची कपबशी धुतलेली नाही."

त्याने कपबशी धुतली. पण आधी माझी सही तपासली.

*

श्रीवर्धनच्या पुढे वायरलेसवर जयेशभाईंचा आवाज आला, "मगर छे! डाबी बाजू मगर छे!"

लांबुळकं, काळं, खवल्याखवल्यांचं काहीतरी डावीकडे तरंगत होतं. आम्ही दोघांनी क्षणाचाही विचार न करता सुकाणू उजवीकडे फिरवलं. जयेशभाई आमच्याही पुढे पळाले. एकटे कॅप्टन सरळ त्याच्याकडे गेले आणि आकड्याने त्यांनी ते ओढून पाहिलं. नारळाचं खोड होतं.

संध्याकाळी हजेरीला कॅप्टननी विचारलं, "बोट?" ठीक. "माणसं?" ठीक. "मगर?"

*

हर्णैला एका कोळी दादांनी आम्हाला सुरक्षित जागी नांगर टाकून दिला आणि वर हंसाबेनच्या हातात ताजे पापलेट ठेवले. हंसाबेन कांदासुद्धा खात नाहीत. पण समोरच्याचं मन मोडू नये म्हणून त्यांनी ते घेतले, डोळे मिटून आमच्या बोटीवर पोचवले, आणि दादांना डबाभर थेपले दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हजर. डबा घासूनपुसून लख्ख, आणि होडीत सहा शहाळी.

"ताई, काल तुमचं तोंड बघितलं मी," ते म्हणाले. "हे तरी चालेल ना?"

त्या माणसाला आमची नावंही माहीत नव्हती. अशी माणसं आम्हाला बंदरोबंदरी भेटली. त्यांची आठवण आली की मला अजून भरून येतं.

*

हर्णै सोडलं आणि मला समुद्र लागला तो रत्नागिरीपर्यंत. तीन दिवस पाणीही पोटात ठरेना. रत्नागिरीच्या बंदरात मी पिशवी उचलली. शिरीषने शीड उतरवून घडी घालायला घेतलं. ती घडी त्याला काही केल्या नीट जमत नव्हती.

हंसाबेन माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. वाटलं, आता समजूत घालतील. पण नाही! स्टेशनच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. "बेन, पहेलां खाई लो. पछी जजो." आधी खायचं, मग जायचं.

तीन दिवसांनी पहिला घास पोटात टिकला. मग दुसरा. गाडी आली तेव्हा मी त्यांच्याकडे कैरीचा छुंदा मागत होते. गाडी गेली.

हंसाबेननी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी हजेरीला मी "बांधलेली" म्हटलं, तेव्हा शिरीष त्याच शिडाची घडी उलगडत होता.

*

कारवार सोडल्यावर दुसऱ्या दुपारी माझ्या पायाला पाणी लागलं. इंजिनाचा दांडा बोटीच्या बुडातून बाहेर पंख्याकडे जातो, तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग गेलं होतं. शिरीष पालथा पडून हाताने भोक दाबत होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

मी वायरलेसवर हाक दिली. जयेशभाई तासाभराच्या अंतरावर होते. "आव्यो!" एवढंच ते म्हणाले आणि वळले.

"कापड दे," शिरीष म्हणाला. "टॉवेल जाड होतोय. पातळ, लांब काहीतरी."

मी दाराशी पिशवी उपडी करून दिलं. त्याने बघितलंही नाही, दांड्याभोवती गुंडाळून ठासत गेला. धार थांबली, थेंब राहिले. मग मी त्याला ओढून बसवलं, गोळी दिली, आणि स्वतः पंप मारत राहिले. जयेशभाईंनी येऊन दोर बांधला, आम्हाला भटकळच्या बंदरात ओढून नेलं आणि स्वतःच्या हाताने नवं पॅकिंग बसवून दिलं. जुनं कापड त्यांनी बाहेर काढलं तेव्हा ते ग्रीसने काळं झालं होतं. फक्त एक काठ निळा राहिला होता. शिरीष तो काठ हातात धरून बराच वेळ बसला.

सहा वाजले.

"बोट?" कॅप्टननी विचारलं.

"ठीक."

"माणसं?"

मी शिरीषकडे पाहिलं. ओठांवर रंग आला होता. "ठीक."

"पिशवी?"

"रिकामी," मी म्हटलं.

मग कॅप्टन म्हणाले, "सकाळी सातला निघू."