कुंपणापलीकडची लाल साडी

ऋतिका आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. मुक्ताईनगरकडच्या केळीवाल्या भाईदासभाऊंची मुलगी. जळगावला विमान चालवायला शिकते, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला खरं वाटत नाही, कारण सकाळी केसांना तेल चोपडून दुधाच्या पिशव्या आणणारीही तीच.

त्या शनिवारी तिची कसोटी होती. शिकवणारे सर शेजारी बसणार, उतरणं त्यांच्या मनासारखं झालं तर ते विमानातून बाहेर पडणार आणि ती पहिल्यांदा एकटी उडणार. भाईदासभाऊ आणि लताबाई पहाटेच पिकअप घेऊन आले, मलाही सोबत घेतलं. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर गाडी लावून भाऊंनी केळीच्या घडाला टेकू देतात तसला उंच बांबू उभा केला आणि त्याला लताबाईंची लाल साडी बांधली. केळीच्या बागा सगळ्या सारख्याच दिसतात. ट्रकवाल्याला आपलं शेत सापडावं म्हणून ते दर कापणीला असंच करतात. लेकीलाही फोनवर सांगून ठेवलं होतं, साडी दिसली की समज आम्ही तिथं आहोत.

विमान वळलं, खाली आलं, आणखी खाली आलं, आणि धाडकन आपटलं! चेंडूसारखं उसळलं. दुसऱ्यांदा टेकलं ते सरांनी सावरून. 

ऋतिकानं संध्याकाळी सांगितलं. उतरताना नजर धावपट्टीच्या पार शेवटाला ठेवायची असते, म्हणजे जमीन किती जवळ आली ते कळतं. हिनं साडी शोधली. सापडलीही, पण तेवढ्यात विमानाचं नाक उचलायला उशीर झाला. सरांनी कारण विचारलं. वारा म्हणाली असती तरी चाललं असतं, वारा होताच.

"सर, मी आईची साडी बघत होते," ती म्हणाली.

 सर म्हणाले, हे विमान तपासणीला जाईल, उद्या दुसरं घेऊ. पण उद्याही असंच झालं, तर एकटीनं उडायचं इतक्यात विसरायचं.

रात्री भाऊ आणि लताबाई आमच्याकडेच राहिले, मी शेवभाजी केली होती. भाऊंनी भाकर नुसती चिवडली. "आबा, उद्या नका येऊ," ऋतिका वडिलांना हळूच म्हणाली. ते बरं म्हणाले.

सकाळी ती गेली आणि थोड्याच वेळात भाऊ गाडीची किल्ली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "चला ताई, मले घरी बसवत नाही."

या वेळी बांबू नाही, साडी नाही. गाडी निंबाच्या आड. दोघं नवराबायको धावपट्टीकडे पाठ करून कपाशीच्या शेताकडे तोंड करून बसले. आपण पाह्यलं तं ती पाहील, हा भाऊंचा हिशेब. ते वळतील याची लताबाईंना खात्री होती, म्हणून त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. पाहायचं मी, सांगायचंही मी.

दोन फेऱ्या झाल्या. विमान थांबलं, दार उघडलं, सर खाली उतरले. मी तसं सांगितलं. 

विमान सुटलं. आत एकच डोकं! शेतांवरून मोठा वळसा घेत ते परतलं, एवढंसं, उन्हात चमकणारं. खाली येत गेलं. भाऊ कान टवकारून, डोळे मिटून बसलेले. कालचा आवाज त्यांच्या कानातून गेला नव्हता. चाकं कधी टेकली ते बघत असून मलाही नीट कळलं नाही.

"ताई, अजून वरच हाये का?"

"उतरली, भाऊ."

"आवाज तं आला नाही."

लताबाईंनी बाही सोडली. "आता पाहा," त्या म्हणाल्या.