डोळे बांधून बारा मशिनं

माझा धाकटा भाऊ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळचा चहा झाला की, स्वतःच्या हातांनी मांडलेला संसार स्वतःच पुसून टाकतो. मग बावीस मिनिटांत तो पुन्हा उभा करतो आणि म्हणतो, "जमलं." नऊ वर्षं मी हा उद्योग बघतेय. सुरुवातीला मला वाटायचं, ह्याने लग्न केलं नाही तेच बरं झालं.

संसार म्हणजे ऑफिसने मोडीत काढलेले दोन सर्व्हर, त्यांच्याखाली त्यांचं सगळं साठवून ठेवणारी चार डिस्कांची एक पेटी आणि वायरींचा हा एवढा गुंता, सगळं एका लोखंडी मांडणीवर. त्याच खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन. मी बायकांचे कपडे शिवते. नवऱ्याचं घर सोडून आले ती ह्या खोलीत. का सोडलं ते ह्या गोष्टीत येत नाही.

त्या दोन सर्व्हरांच्या पोटात बारा मशिनं चालतात. खरी नव्हेत, व्हर्च्युअल. "ताई, एका घरात बारा भाडेकरू, आणि प्रत्येकाला वाटतं अख्खं घर आपलंच," असं त्याने मला समजावलं होतं. ती बारा उभी कशी करायची ते त्याने एका फायलीत ओळीने लिहून ठेवलंय. एक कमांड दिली की ती फाईल आपली आपण कामाला लागते. मला हे लगेच पटलं. कपडा फाटला तरी कागदी साचा जपलेला असेल तर दुसरा शिवता येतो.

त्याची नोकरी एका मालवाहतूक कंपनीत, सिस्टिम सांभाळायची. नवीन काहीही असो, आधी घरी करायचं, घरी मोडायचं आणि मगच ऑफिसात न्यायचं. अशी त्याने तिथे सतरा वर्षं काढली. आणि आता त्याचे डोळे चाललेत. कडेचं दिसणं आधी गेलं, समोरचं नळीतून बघावं तसं उरलंय. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दोन वर्षं, फार तर तीन.

हे ऑफिसात कळल्यावर साहेबांनी त्याला बोलावलं. माणूस वाईट नाही. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "पडद्यावरचं दिसत नसेल तर आमची यंत्रं तुमच्या भरवशावर कशी ठेवू?" ह्याने उत्तर दिलं, "पुढच्या शनिवारी घरी या. तुमच्यादेखत सगळं पुसतो आणि डोळे बांधून उभं करतो. नाही जमलं तर मीच राजीनामा देतो." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! घरी येऊन सांगितलं तेव्हा मी शिलाई अर्ध्यात सोडली. ही नोकरी गेली तर ह्या वयात, ह्या डोळ्यांनी, त्याला दुसरी कोण देणार होतं?

आधीच्या रविवारी तालीम घेतली. अस्तराच्या काळ्या कापडाची पट्टी मीच त्याच्या डोळ्यांवर बांधली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्याने चालू केला. बारा मशिनं पुसली, मेन स्विच बंद केला, पुन्हा चालू केला, कमांड दिली आणि हाताची घडी घालून बसला.

आवाज म्हणाला, "डिस्क सापडली नाही." मग पुन्हा तेच. बारा वेळा, एकाच सुरात, जसा काही त्याला आनंदच झाला होता.

त्याने मेन स्विचपासून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "एक अक्षर बदललेलं नाही गं, ताई," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात झालं, मग आज का नाही?"

मी हातातली बाही खाली ठेवली. "आज तू वाकला नाहीस."

"म्हणजे?"

"एरवी कमांड देण्याआधी तू मान वाकडी करून त्या पेटीच्या दिव्याकडे बघतोस. लुकलुक थांबून तो हिरवा झाला की मगच बोट दाबतोस. मला वाटायचं, जित्याची खोड आहे."

त्याने हात लांबवून पेटी चाचपली. पेटीला जागं व्हायला दीड मिनिट लागतं, तोवर थांबायचं असतं, हे फायलीत कुठेच नव्हतं. ते फक्त त्याच्या डोळ्यांना माहीत होतं, आणि डोळ्यांनी ते त्यालाही सांगितलं नव्हतं. पट्टी न सोडताच त्याने चार ओळी लिहिल्या. आता फाईल दर पाच सेकंदांनी पेटीलाच विचारते, तयार आहेस का, आणि हो आल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी मात्र आत जाऊन थोडं रडून घेतलं.

शनिवारी साहेब आले, माझ्या स्टुलावर बसले. मी पट्टी बांधली आणि त्याने सगळं पुसलं. तेवीस मिनिटांनी बाराच्या बारा मशिनं उभी होती. साहेब खूश झाले, हसले, आणि सहज म्हणाले, "वा! सगळं आपोआपच होतंय की. मग तुमची तरी गरज काय?"

माझ्या जिभेवर आलेलं मी कसं गिळलं, माझं मला ठाऊक. धाकटा शांत होता. "रविवारी हे तीनदा पडलं, साहेब," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. असलं कोणी आपण होऊन सांगतं का? पण त्याने काही हातचं राखलं नाही. पेटी, दिवा, ताईने पकडलेली चूक, सगळं सांगितलं. "जे मला ठाऊक होतं ते फायलीत आलं. उद्या जे मोडेल ते मलाही ठाऊक नाही. ते शोधायला माणूस लागेल. डोळे लागतीलच असं नाही."

साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "सोमवारी ऑफिसला या," ते म्हणाले. "आणि आमच्याकडेही असे कुठले दिवे आहेत, ते बघायला घ्या."

ते गेल्यावर मी त्याची पट्टी सोडली. पडदा चालू होता, पण तो तिकडे वळला नाही. त्याने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे फिरवला आणि त्या नळीतून मला तुकड्या-तुकड्याने बघू लागला. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा.

"ताई, केस किती पिकले गं तुझे. कधी झालं हे?"

"झाली चारपाच वर्षं."

"हलू नकोस," तो म्हणाला. "मला नीट बघू दे."

दारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं. मी हलले नाही.