बागवान सरांची रोजची चूक

बागवान सर रोज एक चूक करायचे. ठरवून करायचे. तासाला येण्याआधी ती खिशातल्या छोट्या डायरीत तारीख घालून लिहायचे, वर्गात फळ्यावरच्या गणितात बेमालूम मिसळून द्यायचे आणि तास संपायला दहा मिनिटं उरली की खडू ठेवून खुर्चीत बसायचे. "आज मी तुम्हाला एक खोटं सांगितलंय. शोधा. मला घाई नाही, माझी बस पाचला आहे." ज्याला चूक सापडेल त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं जायचं. बक्षीस एवढंच. पण त्या कोपऱ्यासाठी मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खिशात ठेवून फळ्याकडे बघत बसायची.

एकच चूक का, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "एकही नसली तर तुम्ही झोपाल. दोन ठेवल्या तर माझ्यावरचा तुमचा विश्वास उडेल. एक पुरे."

उंच, किरकोळ अंगाचा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, उजव्या खांद्यापर्यंत खडूची भुकटी. वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. सरांचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ होतं आणि तिरकसपणात तर ते कुठल्याही पेठेतल्या माणसाला भारी पडले असते. कुठे राहता विचारलं की म्हणायचे, "येरवड्याला. भिंतीच्या बाहेर." कुणी छापील नोट्स मागितल्या तर, "मग इथे कशाला आलात? झेरॉक्सवाल्याकडे प्रवेश घ्यायचा."

मी पुण्याजवळच्या मांजरी गावची. घरी ऊस होता, शाळा मराठी होती आणि पुण्यातल्या कॉलेजात पहिले दोन आठवडे मी तोंड उघडलं नव्हतं. एका तासाला सर बाकांमधून फिरत होते. माझ्या वहीपाशी थांबले. फळ्यावर एक बेरीज चुकलेली होती आणि मी ती वहीत उतरवताना बरोबर करून लिहिली होती.

"लोणकर, तुझ्या वहीत बरोबर आहे. म्हणजे तुला चूक दिसली. मग गप्प का?"

"तुम्ही सर हाय ना," माझ्या तोंडून गेलं.

वर्ग फिस्सकन हसला. मोठ्या माणसाला चुकलं म्हणायचं नाही, असं आमच्या घरचं वळण होतं, ते मला इंग्रजीत काय, मराठीतही नीट सांगता आलं नसतं. सर वर्गाकडे वळले. "हसायला काय झालं? हिला दिसलं ते तुमच्यापैकी किती जणांना दिसलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सर असलो म्हणून काय झालं? चुकलेल्या माणसाला चुकलास म्हणणं हा त्याचा मान असतो. पुढच्या वेळी ओरड." त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लोणकर लिहिलं गेलं. मी संख्याशास्त्रात पुढे शिकले त्याचं कारण तो कोपरा आहे. दुसरं कुठलं मला सांगता येत नाही.

शिकवण्याविषयी ते भाषण देत नसत. "समजलं का, असं मी वर्गाला कधी विचारत नाही," म्हणायचे, "त्याचं उत्तर सगळीकडे 'हो सर' असतं." विभागात त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती, की ते मागे पडतात. बाकीचे स्लाइड दाखवून ऑगस्टमध्ये तिसरं प्रकरण गाठायचे, सर दुसऱ्याच प्रकरणात मुलांशी वाद घालत बसलेले असायचे. विभागप्रमुख म्हणाले, "अहो बागवान, अभ्यासक्रम संपवायचा असतो." सर म्हणाले, "संपवतो की. शेवटी मुलंही शिल्लक राहायला हवीत, एवढंच बघतो."

पुढे मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. सरांच्या शेजारचं टेबल मला मिळालं. त्यांना निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची श्रुती नावाची एक हुशार मुलगी स्टाफरूममध्ये धावत आली. "मॅडम, आज सरांनी दोन मिस्टेक्स ठेवल्या होत्या! दोन्ही आम्ही पकडल्या. एकदम भारी!"

सर टेबलाशी डायरी उघडून बसले होते. ती गेल्यावर त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली. तारखेखाली एकच ओळ होती.

"दुसरी माझी नाही," ते म्हणाले. "म्हणजे माझीच आहे. ठेवलेली नाही, झालेली आहे."

"होतं सर एखाद्या वेळी."

"एखाद्या वेळी नाही. गेल्या महिन्यात चौथी." मग चहा पूर्ण संपवून त्यांनी हिशेबी आवाजात सांगितलं, "माझ्या तासाला मागच्या बाकावर बसत जा. रोज मला सांगायचं, किती झाल्या. मेपर्यंत मला शिकवायचंय. पण ज्या दिवशी दोन म्हणशील, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात जाणार नाही. पोरांच्या डोक्यात कचरा भरून मला निवृत्त व्हायचं नाही."

मी बसायला लागले. पहिले पाच दिवस एकच चूक होती. सहाव्या दिवशी दोन झाल्या. तास संपल्यावर जिन्यात सरांनी विचारलं, "आज किती?"

"एकच, सर."

त्यांचा चेहरा सैल पडला. एवढं मला स्पष्ट आठवतं. पुढे ते रोज विचारत गेले आणि मी रोज एकच म्हणत गेले. कधी दोन असायच्या, कधी तीन. खरं सांगायचं धैर्य नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्यात चांगुलपणा वाटत होता. इतक्या वर्षांच्या शिक्षकाला मेपर्यंत वर्गात राहू द्यावं, बिघडलेलं आपण मागून निस्तरावं, असा माझा हिशोब होता. गुरुवारी त्याच मुलांचं प्रॅक्टिकल माझ्याकडे असायचं. आठवडाभरातल्या सरांच्या चुका मी तिथे 'उजळणी' म्हणून गुपचूप दुरुस्त करायचे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. सरांच्या पद्धतीतच ती होती आणि मी त्याच पद्धतीत शिकलेली असून मला ती दिसली नाही. रोज एकच चूक असते, हा मुलांचा पक्का विश्वास होता. ती एक सापडली की त्यांचं शोधणं संपायचं. उरलेला फळा डोळे मिटून वहीत जायचा. ज्या दिवशी श्रुतीला दोन सापडल्या त्या दिवशी दोन्ही एकाच ओळीत होत्या, एवढाच काय तो योग.

गणपतीच्या आधीच्या सोमवारी सरांनी सशर्त संभाव्यता शिकवली. आकाश ढगाळ असताना पाऊस पडण्याची शक्यता किती, हे काढायचं तर ढगाळ दिवसांच्या संख्येने भागायला हवं. सरांनी पावसाच्या दिवसांनी भागलं आणि तेच सूत्र चौकटीत लिहिलं. ठेवलेली चूक सुरुवातीलाच सापडून गेली होती. चौकट सगळ्यांनी उतरवून घेतली. मी मागे बसून बघितलं, गुरुवारी दुरुस्त करू म्हटलं आणि जिन्यात "एकच, सर" म्हणाले. गुरुवारी सुट्टी लागली. सुट्टीनंतर मी विसरले.

ऑक्टोबरात अंतर्गत परीक्षेचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. पहिल्या पेपरात ढगाच्या जागी पाऊस होता. दुसऱ्यात तेच. चौथ्यापाशी माझा लाल पेन थांबला. मुलांनी आळस केला नव्हता, उलट अगदी नीटनेटकी उत्तरं होती. चौकटसुद्धा आखलेली होती. वर्गात साठ मुलं होती आणि ते उत्तर बरोबर लिहिणारी फक्त सात निघाली.

दुसऱ्याने तपासलेले पेपरही सर नेहमी चाळायचे. मुलं कुठे अडतात ते त्यांना बघायचं असे. त्यांनी गठ्ठ्यातले दहा-बारा उलटले. मग खिशातून डायरी काढली, मागची पानं चाळली आणि त्या सोमवारी काय लिहिलंय ते वाचलं.

"त्या दिवशी तू होतीस."

"हो सर."

"मला किती सांगितलंस?"

"एक."

"झाल्या किती?"

"तीन."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी पेपरचा गठ्ठा नीट ठोकून सारखा केला आणि माझ्यापुढे ठेवला. "या प्रश्नाला सगळ्यांना पूर्ण गुण दे. मी शिकवलं ते त्यांनी बरोबर लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले. मी मागे बसले होते. त्यांनी ढगाचं गणित फळ्यावर बरोबर सोडवलं आणि म्हणाले, "हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. आणखीही काही चुकीचं शिकवलं असणार, ते लोणकर मॅडम तुम्हाला सांगतील. मला हल्ली आठवत नाही. उद्यापासून हा विषय त्या घेतील."

वर्गात कुजबुज झाली. मग पुढच्या बाकावरून श्रुती हसत म्हणाली, "सर, कळलं! हीच आजची चूक ना?"

सगळा वर्ग हसला, टाळ्याही पडल्या. सर ते थांबेपर्यंत उभे राहिले. "नाही," म्हणाले. "आज एकही ठेवलेली नाही."

स्टाफरूममध्ये त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. दोन पुस्तकं, चष्म्याची डबी, डब्याची पिशवी. मी बाजूला उभी होते. जाताना म्हणाले, "लोणकर, मी तुला मागच्या बाकावर विद्यार्थिनी म्हणून बसवलं होतं. तू घरची झालीस."

हे सगळं मी कोरडेपणाने लिहितेय, मला कल्पना आहे. तेव्हापासून माझं तसंच झालंय. मी त्यांचा विषय शिकवला, बरा शिकवला. रोजची चूक ठेवायचा प्रयत्न दोनदा केला, जमला नाही, सोडून दिला. येरवड्याला सहा-सात वेळा गेले. पहिल्या भेटींत सर मला ओळखायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि कॉलेजचा विषय काढायचे नाहीत. नंतर ओळखेनासे झाले. एकदा फार अदबीने विचारलं, "आपण काय करता?"

"संख्याशास्त्र शिकवते, सर."

"वा. मुलं घाबरतात त्याला," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी चहा पिऊन निघाले. बसमध्ये मला काही वाटलं नाही.

या वर्षी थंडी सरता सरता ते गेले. कॉलेजात शोकसभा झाली. तीस वर्षांतले विद्यार्थी आले होते. जो उठला त्याने रोजच्या चुकीची गोष्ट सांगितली, प्रत्येकाला आपलं नाव कोपऱ्यात लिहिलं गेलेला दिवस आठवत होता आणि लोक डोळे पुसता पुसता हसत होते. मलाही बोलायला लावलं. मी चार मिनिटं बोलले. मांजरीची, हाय, कोपरा, एवढंच. बाकीचं सांगितलं नाही.

सभा संपल्यावर सरांच्या पत्नी, रेहानाकाकू, माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या स्वतः महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आवाज आजही वर्गातला. "तू त्यांना रोज एकच सांगायचीस ना ग?"

"हो."

"खोटं."

"हो काकू." ते मी पहिल्यांदा कुणासमोर म्हणत होते. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील आणि मला एकदाचं रडू येईल.

"ते दोन महिने फार बरे होते," त्या म्हणाल्या. "दारातूनच सांगायचे, आज एकच. मग पोटभर जेवायचे." त्यांनी पदराचं टोक सारखं केलं. "नंतर मात्र कुणाचंच ऐकेनात. औषध घेतलंय म्हटलं तरी विश्वास नाही, जेवण झालंय म्हटलं तरी नाही. म्हणायचे, आपली माणसंच चुकीचं सांगतात. तुझं नाव कधी घेतलं नाही. शेवटी शेवटी मी म्हणायचे, अहो, मी रेहाना, तुमची बायको. तर विचारायचे, कशावरून?"

"मग?"

"मग काय, मी रोज निकाहनामा काढून दाखवायचे. ते तो दोनदा वाचायचे. मग माझ्या हातचं खायचे."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता, तेवढं मला कळत होतं. मी घेतला नाही.