पूर्ण कमान

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वीज गेलीय, पंखा शेवटचे दोन गरगर फेरे घेऊन थांबलाय, आणि नीलाक्षी खाटेवर आडवी पडून छताच्या कौलांकडे बघतेय. ती झोपलेली नाही. ती ज्यांच्या घरी उतरलीय त्या सुमतीकाकी मागच्या पडवीत नारळ खवतायत, ते तिला ऐकू येतंय. खवणीचा खर्र-खर्र आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्याच्यामागे समुद्र आहे.

भरती उतरली की काकी हाक मारणार आहेत. मग नीलाक्षी कोटात, म्हणजे गावच्या जुन्या किल्ल्यात, जाणार आहे.

हेदळे गावात येऊन तिला आठवडा होत आला. या आठवड्यात तिनं गावाचे मनासारखे फोटो काढलेत. जांभ्या दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाड्या, बंदरावरची जुनी कस्टमची कचेरी, दर्ग्याचा हिरवा दरवाजा, होड्यांना तेल लावणारी माणसं. कोटाचेही तिनं बाहेरून सगळ्या बाजूंनी फोटो काढले. राहिलाय तो फक्त दर्याकडचा बुरूज. त्या बुरजावर एक कमान उभी आहे. आजूबाजूचं सगळं ढासळलं, कमान तेवढी राहिली. तिच्यातून बघितलं तर अख्खं गाव त्या चौकटीत बसतं, असं म्हणतात.

हे काम मुळात नीलाक्षीचं नव्हे, तिच्या थोरल्या भावाचं, दिगंबरचं. चिपळूणला त्याचा फोटो स्टुडिओ होता. माणसं मोबाईलवर फोटो काढायला लागली आणि स्टुडिओ बंद पडला. मग दिगंबर बरेच दिवस गप्प-गप्प होता, आणि एक दिवस कॅमेरा घेऊन हेदळ्याला आला. गाव आणि कोट, पुरं काम करायचं म्हणाला. त्या बुरजावर गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी सापडला. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. पण भेटायला येणारी माणसं आवाज खाली करून विचारायची, धंदा बसला होता ना त्याचा? आई ऐकायची आणि भिंतीकडे बघत राहायची. एकदाच, भांडी घासता घासता, ती नीलाक्षीला म्हणाली, "तो आपणहून..." आणि पुढं बोललीच नाही. वाक्य तसंच राहिलं. दोन वर्षं झाली, घरात त्या वाक्याला कुणी हात लावला नाही.

खर्र-खर्र. खर्र. आता तो आवाज खवणीचा वाटत नाही. कुणीतरी कापडानं काच पुसतंय.

खाटेच्या पायथ्याशी दिगंबर बसलाय, तिच्याकडे पाठ करून. पांढऱ्या शर्टाच्या टोकानं लेन्स पुसतोय.

"झोपलीस गो नीलू?"

"नाही. पडलेय नुसती."

तिला नवल वाटत नाही. त्याच्या मानेवर केस वाढलेत, कापायला हवेत, एवढंच तिच्या मनात येतं.

"उजेड जाईल," तो म्हणतो. "ऊठ. चल."

"काकी हाक मारणार आहेत, पाणी उतरल्यावर."

"पाणी उतरलंय."

ती उठते. पडवीच्या दोन पायऱ्या उतरते, तर पायाखाली अंगण नाहीच, कस्टमच्या कचेरीजवळची पाखाडी आहे. दुपार असून सावल्या कुठंच नाहीत. प्रत्येक दारात माणूस उभा आहे. होडीवाला, हातात तेलाचा डबा. शाळेच्या बाई. कोळंबीची पाटी घेतलेली एक बाई, पाटीतून पाणी ठिबकता ठिबकता मध्येच थांबलेलं. कुणी पापणी हलवत नाही.

"ही माणसं अशी का उभी आहेत, दादा?"

"मी हलू नका म्हटलं होतं ना त्यांना," दिगंबर चालता चालता म्हणतो. "बघू नकोस त्यांच्याकडे. ताटकळलीत बिचारी."

ती त्याच्या मागोमाग जाते. जायला नको, असं तिला वाटतंय, पण लहानपणापासून ती त्याच्या मागूनच चालत आलीय. पाखाडी वळते आणि ते चिपळूणच्या स्टुडिओत असतात. तेच लाकडी स्टूल. भिंतीवर तोच पडदा, रंगवलेला धबधबा आणि दोन हंस. पडद्याचा खालचा काठ वाऱ्यानं हलतोय. बंद खोलीत वारा कुठून येतोय, हे तिला कळत नाही.

"दादा, त्या दिवशी..."

"आधी फोटो."

"नाही, आधी सांग. त्या दिवशी काय झालं?"

दिगंबर कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात घालतो आणि पडदा बाजूला करतो. पडद्यामागे बुरूज आहे.

वारा तोंडावर फाडकन आपटतो. खाली लाटा दगडावर फुटतायत, म्हणजे पाणी उतरलेलं नाही. समोर कमान आहे, काळीभोर, वर एक पिंपळाचं रोप. दिगंबर तिच्याखाली जाऊन उभा राहतो. त्याच्यामागे, कमानीच्या पोटात, गाव दिसतंय.

"लाव डोळा," तो ओरडून सांगतो. "कमान पुरी येतेय का बघ."

ती डोळा लावते. "नाही येत. डावा खांब कापला जातोय."

"मग मागे हो."

ती एक पाऊल मागे होते. आता डावा खांब येतो, पण वरचा दगड सुटतो.

"आली?"

"वरून कापतेय."

"अजून मागे."

पुन्हा एक पाऊल. चौकटीत कमान आक्रसत नाही, उलट प्रत्येक वेळी कुठूनतरी थोडी बाहेर राहते. बोटभर. मग नखाएवढी. तिला चीड येते आणि हावही सुटते. आता एकदाच, एवढीशी. तिच्या पायाला दगड लागतात, मग गवत लागतं, मग पुन्हा दगड.

"अजून एक पाऊल, नीलू."

या वेळी तिची नजर कमानीवरून त्याच्यावर जाते. चौकटीच्या मधोमध दिगंबर उभा आहे. तोंडानं 'अजून एक' म्हणतोय, पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीये. तिच्या पायांकडे बघतोय. आणि त्याचा चेहरा असा झालाय, जसा लहानपणी ती विहिरीच्या काठावर चढली होती तेव्हा झाला होता.

तिची उजवी टाच मागे गेलीय. टाचेखाली काही नाही.

 मागे वळून बघायची हिंमत होत नाही. बघितलं तर तोल जाईल.

"आली का गो पुरी?" त्याचा आवाज कापतोय.

येतच आलीय. खांब, वरचा दगड, पिंपळाचं रोप, सगळं गाव. आणखी केसभर मागे सरकली की बास.

नीलाक्षी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेते.

"नाही दादा," ती म्हणते. "मी मागे होणार नाही."

त्याला ती आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणालीय. टाच हळूच पुढं घेते, दगडावर टेकवते. ती खाली बसते. दिगंबर धावत येतो, तिच्यासमोर बसतो. त्याच्या शर्टातून पाणी गळतंय. मघाशी कोरडा होता.

"मला कुणी असं म्हणायला नव्हतं," तो म्हणतो.

ती गळ्यातला कॅमेरा काढून दगडावर ठेवते.

"मला वाटलं, मागे जमीन आहे. डोळा कॅमेऱ्याला होता. पुरी येत होती गो नीलू, पहिल्यांदाच पुरी येत होती."

"म्हणजे तू आपणहून..." तिचंही वाक्य तिथंच अडतं. मग ती जोर लावते. आईचं राहिलेलं ती पुरं करते. "आपणहून उडी नाही मारलीस?"

दिगंबरचे डोळे मोठे होतात. त्याला खरोखरच धक्का बसलाय.

"वेडी आहेस का तू? एवढा चांगला उजेड टाकून कोण जाईल?"

तिला रडू फुटतं आणि त्याच्यातच हसूही. तो मात्र हसत नाही.

"कोण म्हणतं असं? आई म्हणते?"

"म्हणत नाही. गप्प बसते."

तो मान खाली घालतो. बुरजाखाली एक मोठी लाट फुटते आणि पाणी वर चढून येतं. दगडांवरून, गवतावरून, न थांबता येतंय. त्याच्या पायांपर्यंत आलंय, पोटापर्यंत आलंय. तिला ते लागतसुद्धा नाही.

"दादा, ऊठ!"

"तू जा. तुझी जागा कोरडी आहे."

"ऊठ म्हणते ना!" ती दोन्ही हातांनी त्याचा शर्ट छातीशी धरते आणि मागे ओढते, असेल नसेल ती ताकद लावून. पाणी त्याला पलीकडे ओढतंय. कापड ताणतं. "सोडणार नाही मी. दादा, नाही सोडणार..."

"नीलू, हात दुखेल तुझा," तो म्हणतो, अगदी नेहमीच्या आवाजात.

कापड टर्रकन फाटतं.

"ताई! अहो ताई!"

दारात सुमतीकाकी उभ्या आहेत. हाताला खोबरं लागलंय. वीज आलीय, डोक्यावर पंखा फिरतोय.

"कवापासून हाक मारतेय. पाणी उतरलं बघा. जायचंय ना कोटात? आमच्या ह्यांना संगती धाडू का? त्या बुरजाची मागची बाजू गेल्या पावसात आणखी ढासळलीय."

"आज नको, काकी." नीलाक्षी उठून बसते. "उद्या सकाळी जाते. काकांना बरोबर घेऊन."

काकी तिच्याकडे जरा निरखून बघतात. "चहा ठेवते," म्हणतात आणि आत जातात.

उजवी मूठ वळलेलीच आहे. इतकी घट्ट की बोटं उघडायला डावा हात लावावा लागतो. तळव्यावर नखांच्या खुणा उमटल्यात आणि त्यांच्या मधोमध शर्टाचं एक पांढरं बटण आहे. ओलं. भोकांतून तुटलेला दोरा लोंबतोय, हिरवागार.

ती बटण तसंच धरून ठेवते आणि डाव्या हातानं फोन लावते.

"आई, एक विचारू? दादाच्या पांढऱ्या शर्टाला तू हिरव्या दोऱ्यानं बटण लावलं होतंस?"

पलीकडे नळाचा आवाज येत असतो. तो बंद होतो.

"लावलं होतं," आई म्हणते. "पांढऱ्यावर पांढरा दोरा मला दिसतो कुठं? हिरवा दिसला, तो ओवला. दिगंबर हसला मला. आणि हेदळ्याला जाताना तोच शर्ट घालून गेला." मग विचारते, "तुला कुणी सांगितलं? तू तर तेव्हा पुण्याला होतीस."

"आई, आधी खाली बस."

"बसले. बोल."

"कमान पुरी यावी म्हणून त्यानं पाऊल मागे घेतलं," नीलाक्षी सांगते. "मागे जमीन आहे असं वाटलं त्याला. एवढंच झालं, आई. तो आपणहून गेला नाही."

पलीकडून मग एक लांब श्वास, आणि त्याच्यामागून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, आईचं मोठ्यानं रडणं. नीलाक्षी फोन कानाशी धरून बसून राहते. तळव्यावर बटण आहे. ओल्या दोऱ्यातून पाण्याचा एक थेंब सुटतो आणि तिच्या मनगटावरून खाली ओघळतो.